माझी ताई ‘इनॅक्टिव्ह’ कशी?

दांडियाबाजार, बडोदा | २ सप्टेंबर २०२५

नमस्कार. मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. वय ५८. सत्तावीस वर्षं बँकेत काउंटरवर होते. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ५१व्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. प्रश्न माझ्या ताईचा आहे आणि जरा लांब आहे, तरी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

ताई ६३ वर्षांची. १९८४ला लग्न होऊन इंग्लंडात लेस्टरला गेली ती तिथलीच झाली. यंदा उन्हाळ्यात मी दोन महिने तिच्याकडे होते. एका सकाळी सरकारी सर्वेक्षणाचा फोन आला. निवडलेल्या घरांना दर तीन महिन्यांनी असं पाच वेळा विचारतात. बाई फार अदबीने बोलत होती. गेल्या आठवड्यात पैशासाठी एक तास तरी काम केलंत का? नाही. गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत का? नाही. काम मिळालं तर दोन आठवड्यांत सुरू करू शकाल का? ताईने सासूबाईंच्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणाली, नाही. नोकरी करायला आवडेल का, यालाही तिने त्याच सुरात नाही म्हटलं.

संध्याकाळी भाची आली. तिचं कामच आकडेवारीचं आहे. तिने सहज सांगून टाकलं, “आई, म्हणजे तू इकॉनॉमिकली इनॅक्टिव्हमध्ये गेलीस.” ताई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही, पण झोपेपर्यंत ती कुणाशी एक शब्द बोलली नाही. दिवे मालवताना मला एवढंच विचारलं, “निष्क्रिय म्हणजे मीच ना गं?”

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ समोर ठेवलं आणि कॅलेंडरच्या जुन्या पानामागे तिचा दिवस लिहिला. ५:४०ला उठली. ६ ते ७:१० सासूबाईंचं: कपडे बदलणं, अंग पुसणं, सात गोळ्या, पातळ रव्याची खीर चमच्याने. सासूबाई ९१ वर्षांच्या आहेत. मग नातवाचा डबा, त्याला शाळेत सोडणं, जाताना १७ मिनिटं चालत आणि परतताना चढ म्हणून २२. धुणं, स्वयंपाक, पुन्हा सासूबाईंना कुशीवर वळवणं, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. ३:१५ला नातू. त्याचं खाणं, अभ्यास, पोहण्याचा वर्ग. रात्री दोनदा उठणं, तेही लिहिलं. बेरीज ११ तास २० मिनिटं झाली. मी बँकेतली बाई आहे, दोनदा ताडून पाहिली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळ्याच कारणाने. ताई आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या होम सायन्स फॅकल्टीची, १९८३ची पदवीधर. त्यांना होम मॅनेजमेंट हा विषय होता आणि त्यात एका घराच्या कामाचं वेळेचं कोष्टक काढायचं होतं: कोण, काय, किती मिनिटं. ताईने आमच्या आईचं काढलं. आई ओट्याशी, ताई दारात वही घेऊन उभी. आई म्हणायची, अगं, माझं काय मोजतेस, वडिलांच्या कचेरीचं मोज. ज्या हंसाबेन मेहतांनी १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारा शब्द बदलून ‘सर्व माणसं’ करायला लावलं, त्याच आमच्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. होम सायन्स फॅकल्टी त्यांच्याच काळात उभी राहिली. घरकाम हे काम आहे आणि ते मोजता येतं, हे बडोद्यात शिकलेली मुलगी. चाळीस वर्षांनी एका श्रीमंत देशाच्या कोष्टकात तिच्या पुढे शून्य.

आणि ती काय आयुष्यभर घरी बसली होती? पदवीला तिथे कुणी विचारलं नाही म्हणून होजिअरीच्या कारखान्यात ओव्हरलॉक मशीनवर बसली, १९८५ ते १९९८. आजूबाजूला सगळ्या गुजराती बायका, कितीतरी जणी १९७२ला युगांडातून हाकललेल्या घरांतल्या. बडोद्याची गुजराती तिला तिथे उपयोगी पडली. मग माल बाहेरच्या देशांतून येऊ लागला, कारखाना बंद. नंतर घरी मशीन ठेवून नगावर शिवण, रोख पैसे, कुठेही नोंद नाही. मग एका सुपरमार्केटात सहा वर्षं पूर्णवेळ, पुढे गुडघ्यामुळे आठवड्याला १२ तास. २०१८ला तेही सोडलं, कारण नातू एक वर्षाचा, भाचीची रजा संपलेली, आणि पाळणाघराची फी तिचा निम्मा पगार खाणारी. दोन वर्षांनी सासूबाईंनी अंथरूण धरलं.

मला विचारायचं आहे ते असं. हा ‘इनॅक्टिव्ह’ शब्द कुणी ठरवला आणि कशासाठी? सगळ्या श्रीमंत देशांत साठीच्या बायकांची हीच गत आहे का? आणि जिथे खरं दुखतंय ते: तिच्या पेन्शनच्या खात्यात फक्त १९ वर्षं दिसतात. त्याचं काही करता येतं का? भाऊजींना विचारलं तर ते म्हणतात, जे आहे ते आहे.

मुरार, ग्वाल्हेर | ३ सप्टेंबर

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी ३१ वर्षं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणासाठी दारोदार फिरलो. भिंड, मुरैना, शिवपुरी, डबरा. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायलाच हवं, कारण फोनवरच्या त्या बाईचं काम मी आयुष्यभर केलं.

आपल्याकडे यालाच कोड ९२ म्हणतात, ‘फक्त घरकाम’. त्याला जोडून घरच्यांसाठी शिवणटिपण, सरपण, भाजीपाला गोळा करणं असेल तर ९३. मी किती हजार बायकांपुढे ९२ लिहिलं असेल याची गणती नाही. “काम करती हो?” “नहीं भैया, घर पे रहती हूँ.” हे सांगताना तिच्या डोक्यावर हंडा असायचा. शेजारणीचा ब्लाउज चार पैसे घेऊन शिवला की कोड ११, स्वयंरोजगार. तेच मशीन, तोच धागा, सुनेचा ब्लाउज शिवला की ९३.

हे मोजमाप मुळात एका ठरावीक प्रश्नासाठी बनलं: बाजारात पगाराच्या कामासाठी किती माणसं उभी आहेत? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची व्याख्या सगळे देश कमीअधिक पाळतात. कामावर आहेत ते आणि काम शोधताहेत ते मिळून श्रमशक्ती. बाकी सगळे बाहेर, विद्यार्थी, आजारी, निवृत्त, घर सांभाळणारे. बेकारी समजायला हे मोजमाप लागतं, ते मी टाकाऊ म्हणणार नाही. चूक होते ती ‘श्रमशक्तीबाहेर’ला लोक ‘काम न करणारी’ म्हणू लागतात तेव्हा. २०१३ साली जिनिव्हात देशोदेशीच्या संख्याशास्त्रज्ञांनी ठराव केला की घरच्यांसाठी केलेली बिनपगारी सेवा हेही ‘काम’च आहे, मात्र ‘रोजगार’ नाही. तुमच्या ताईला हे जरूर सांगा. कागदोपत्री का होईना, ती काम करते हे मान्य झालेलं आहे.

एक गोष्ट मला नोकरीत असतानाही खुपायची. घरच्या दुकानात बिनपगारी बसलेली बाई रोजगारात धरतात, इंग्लंडातही आणि इथेही. म्हणजे तुमची ताई भाचीच्या दुकानाच्या गल्ल्यावर फुकट बसली असती तर ‘ॲक्टिव्ह’. भाचीच्या मुलापाशी बसली म्हणून ‘इनॅक्टिव्ह’. आणि सासूबाईंसाठी एखाद्या एजन्सीची बाई आली तर तिचे तेच तास रोजगार.

हे तास शोधायचे तर वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणात शोधावे लागतात. तुमची ताई कॉलेजात करायची तेच, पण देशभर. आपल्याकडे २०२४चं आलं आहे: बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडंच बोलतो. आज सत्तरीत असलेल्या बाईचा आकडा पाहताना ती बाविशीची असताना काय कायदे होते ते बघावं. आयर्लंडमध्ये १९७३पर्यंत सरकारी नोकरीतल्या मुलीला लग्न झालं की राजीनामा द्यावा लागे. पश्चिम जर्मनीत १९७७पर्यंत कायद्यात लिहिलेलं होतं की पत्नीने नोकरी करावी ती संसाराच्या कर्तव्यांशी जुळेल एवढीच. उलट स्वीडनने १९७१लाच नवराबायकोचा कर वेगळा केला, आणि तिथल्या साठीच्या बायका मोठ्या संख्येने कामावर दिसतात. हा काही स्वभावातला फरक नाही.

राजवाडा ते योकोहामा | ४ सप्टेंबर

मावशी, मी इंदूरची, ४१ वर्षांची, अकरा वर्षं जपानमध्ये आहे. जपानचं सांगते, कारण इथे मी ज्या बेकरीच्या मागच्या बाजूला काम करते तिथल्या माझ्या चौघी सहकारी ५५ ते ६८मधल्या आहेत आणि त्यांच्याकडूनच मी हे शिकले.

नोव्हेंबर आला की त्या तारखा मोजायला लागतात. कारण इथे एक ‘भिंत’ आहे, हाच शब्द वापरतात. नवरा नोकरदार असेल आणि बायकोची वर्षाची कमाई १३ लाख येनच्या आत असेल, तर तिला स्वतः हप्ता न भरता पेन्शनच्या योजनेत धरतात. १९८६पासूनची सोय आहे ही. भिंत ओलांडली की विमा आणि पेन्शनचे हप्ते स्वतःचे, आणि वर्षअखेरीला हातात उलट कमी पैसे. म्हणून डिसेंबरच्या ऐन गर्दीत, जेव्हा दुकानाला माणसं हवी असतात, तेव्हा या बायका पाळ्या नाकारतात. आमची मालकीण डोकं धरून बसते. ५९ वर्षांची एक जण मला म्हणाली, मी वीस वर्षं या भिंतीला पाठ लावून उभी आहे, आता माझी पेन्शन पाहते तर ती त्या भिंतीएवढीच बुटकी आहे. (जपानी वाक्य फार सुंदर होतं, मला मराठीत एवढंच जमलं.)

पण इथलं दुसरंही सांगायला हवं. जपानमध्ये आज ९० लाखांहून जास्त माणसं ६५ वर्षांनंतरही काम करताहेत आणि त्यात बायका खूप आहेत. काहींना आवडतं म्हणून, काहींना पेन्शन पुरत नाही म्हणून. आमची ६८ वर्षांची सहकारी दुसऱ्या प्रकारातली. म्हणजे आकड्यात ती ‘सक्रिय’, आणि तिचं मन विचाराल तर तिला थांबायचं आहे. तुमच्या ताईला ‘निष्क्रिय’ लागलं तसं हिला ‘सक्रिय’ लागतं.

आईवडिलांच्या सेवेसाठी नोकरी सोडण्याला इथे वेगळा शब्दच आहे, इतकं ते नेहमीचं. २०००पासून म्हाताऱ्यांच्या सेवेचा सरकारी विमा आहे, ४० वर्षांपासून सगळ्यांना हप्ता भरावा लागतो. त्यातून दिवसाचं केंद्र मिळतं, अंघोळीला गाडी येते. तरी रात्रीचं उठणं घरच्या बाईकडेच राहतं. तुमच्या कॅलेंडरच्या पानावरची ती ओळ वाचून मला आमच्या जेलरोडच्या घरातली आजी आठवली. इंदूरला आईने तिचं सहा वर्षं केलं. मी तेव्हा अभ्यासाला बसायचे आणि दार लावून घ्यायचे, आवाज नको म्हणून.

फतेहगंज, निवृत्त | ४ सप्टेंबर

मी बडोद्याचाच, वय ६७. माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. बाई ६३ची झाली, तिला कामात धरलं नाही याचं वाईट का वाटावं? माझी पत्नी ३० वर्षं शाळेत शिकवून ५८ला निवृत्त झाली. आता सकाळी कमाटीबागेत फिरते, भजनाला जाते, नातवंडांना गोष्टी सांगते. तिला कुणी इनॅक्टिव्ह म्हटलं तर ती म्हणेल, हो, आणि ते मी कमावलंय. हे श्रीमंत देश बायकांना श्रमशक्तीत ओढायच्या गोष्टी करतात, त्यामागे पेन्शनचा खर्च वाचवणं असतं. ब्रिटनने बायकांचं पेन्शनचं वय ६०वरून ६६वर नेलं. ऑस्ट्रियात अजून ६० होतं, २०२४पासून तिथेही वाढवायला लागले. साठीनंतर स्वस्थ बसणं हा हक्क आहे, तो आकड्यांच्या नादात घालवू नये.

दांडियाबाजार, बडोदा | ५ सप्टेंबर

काका, राग कसला. तुमच्या पत्नीचं वाचून बरं वाटलं. स्वस्थ बसणं हा हक्क आहे, हे मी अक्षरशः मान्य करते. पण ताई स्वस्थ बसलेली नाही. तुमच्या पत्नी आणि माझी ताई एकाच रकान्यात आहेत, तिथेच माझी तक्रार आहे. एकीला पेन्शन आहे, दुपारची झोप आहे. दुसरीला दोन्ही नाही.

पेन्शनच्या वयाचं तुम्ही म्हणता ते माझ्या ताईच्या जाऊबाईंनी भोगलंय. त्यांचा जन्म १९५४चा. ६०व्या वर्षी पेन्शन मिळेल हे धरून त्यांनी ५८ला काम सोडलं, नवऱ्याच्या डायलिसिससाठी. कायदा १९९५ला झाला होता, २०११ला तो आणखी घट्ट केला, आणि त्यांच्यापर्यंत ते नीट पोचलंच नाही. पेन्शन हातात आली ६५ उलटल्यावर. मधली पाच वर्षं त्यांनी सोनं विकून काढली. त्यांच्या वयाच्या बायकांनी तिथे संघटना करून लढा दिला. तक्रारींच्या चौकशीत २०२४च्या मार्चमध्ये भरपाईची शिफारस झाली, आणि डिसेंबरात सरकारने ती नाकारली. पेन्शनचं वय वाढलं तेव्हा पुष्कळ जणी नोकरीत टिकल्या, त्यांचे आकडे वर गेले. ज्यांचे गुडघे गेलेले, ज्यांच्या घरी आजारी माणूस, त्यांची मात्र पेन्शनही नाही आणि पगारही नाही अशी वर्षं गेली.

योकोहामाच्या ताईंना: तुम्ही दार लावून घ्यायचात हे लिहिलंत, ते माझ्या मनातून जात नाही. मीही माझ्या आईच्या बाबतीत तेच केलं आहे.

मुरारच्या काकांना: २०१३चा ठराव मी ताईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, “परत वाच.”

बाबाजीपुरा, आता ल्यूटन | ७ सप्टेंबर

ताई, मी मूळची बडोद्याचीच. इथे इंग्लंडात २२ वर्षं आहे आणि आठवड्यातून दोन दिवस लोकांचे हक्काचे अर्ज भरायला मदत करते, पगार न घेता. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे. मन लावून वाचा आणि भाचीला दाखवा.

एप्रिल २०११पासून इथे एक सोय आहे. आजी-आजोबा किंवा दुसरं कुणी नातेवाईक पेन्शनच्या वयाच्या आतले असतील आणि १२ वर्षांखालचं मूल सांभाळत असतील, म्हणून मुलाची आई नोकरी करत असेल, तर त्या वर्षाचं नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट, म्हणजे पेन्शनसाठी धरलं जाणारं वर्ष, आई आपल्याकडून त्या आजीच्या नावे देऊ शकते. आई नोकरीत असल्याने तिचं वर्ष तसंही भरलेलं असतं, तिचं काही जात नाही. अट एवढीच की चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलासाठी मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा अर्ज आईच्या नावे केलेला हवा. मागच्या वर्षांचंही मागता येतं, अगदी २०११पर्यंत. तुमच्या ताईने २०१८पासून नातू सांभाळला, म्हणजे २०१८-१९ ते २०२४-२५ ही सात वर्षं. शेवटच्या वर्षाचा अर्ज ३१ ऑक्टोबर उलटल्यावर स्वीकारतात, तेव्हा थोडं थांबा.

पूर्ण पेन्शनला ३५ वर्षं लागतात आणि पूर्ण पेन्शन या वर्षी (२०२५-२६) आठवड्याला २३०.२५ पाउंड आहे. एका वर्षाचे साधारण साडेसहा पाउंड. सात वर्षांचे आठवड्याला ४६. १९६२चा जन्म म्हणजे पेन्शन ६७ला, तोवर पुढचीही वर्षं अशीच मिळत जातील. किती आज्यांना हे माहीत नसतं! माझ्याकडे येणाऱ्या दहा जणींत नऊ जणी पहिल्यांदा ऐकतात आणि आधी विश्वास ठेवत नाहीत.

दुसरं. त्या नगावर शिवणाच्या वर्षांत भाची सोळाच्या आतली होती ना? तेव्हा मूल सांभाळणाऱ्या आईची पेन्शन राखायची योजना होती, १९७८पासून. चाइल्ड बेनिफिट ताईच्या नावावर येत असेल तर ती वर्षं आपोआप धरायला हवीत. पण मे २०००च्या आधीच्या अर्जांवर इन्शुरन्स नंबर लिहिणं सक्तीचं नव्हतं, म्हणून असंख्य बायकांच्या खात्यात ती वर्षं उतरलीच नाहीत. ते दुरुस्त करून घेता येतं. १२ तासांच्या नोकरीची वर्षं मात्र गेली असं समजा. पगार किमान मर्यादेच्या खाली असला की वर्ष धरत नाहीत. अर्धवेळ काम करणाऱ्या बायकांचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं, कारण त्यांना वाटत असतं आपण तर नोकरीत आहोत.

तिसरं, आणि हे लगेच करा. सासूबाईंना अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे मदतीवाचून ज्यांचं चालत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना मिळणारा सरकारी भत्ता, मिळतो का? तुमच्या पानावर रात्री दोनदा उठणं लिहिलंय, म्हणजे त्यांना वरच्या दराचा मिळायला हवा. तो मिळाला की ताईला आठवड्याला किमान ३५ तासांच्या सेवेसाठी केअरर्स अलाउन्स, म्हणजे सेवा करणाऱ्याचा भत्ता, मागता येईल, या वर्षी (२०२५-२६) आठवड्याला ८३.३० पाउंड. फार नाही. ११ तासांचा हिशेब केलात तर रडू येईल. पण तिच्या स्वतःच्या नावाने येईल. आणि मुरारच्या काकांच्या माहितीसाठी: तो मिळाला तरी सर्वेक्षणात ती इनॅक्टिव्हच राहणार, कारण तो पगार धरत नाहीत.

मुरार, ग्वाल्हेर | ७ सप्टेंबर

ल्यूटनच्या ताई, आपल्याला नमस्कार. आजीच्या नावे वर्ष देता येतं हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे एका खात्याच्या कोष्टकात जी बाई निष्क्रिय, तिचंच त्याच वर्षाचं काम दुसऱ्या खात्याने पेन्शनसाठी मान्य केलं. स्वीडनने गेल्या वर्षी जुलैपासून असंच पाऊल टाकलंय: आईवडील आपल्या पगारी बालसंगोपन रजेतले ठरावीक दिवस आजीआजोबांच्या नावे करू शकतात.

योकोहामाहून | ८ सप्टेंबर

अशी एखादी तरतूद आपल्याकडे असती तर माझ्या आईच्या सहा वर्षांचं काय झालं असतं, हे काल रात्री मोजत बसले.

दांडियाबाजार, बडोदा | १६ नोव्हेंबर २०२५

उशीर झाला, क्षमा करा. नवरात्र, दिवाळी, मग घरात तापाची साथ. काय झालं ते सांगते.

भाचीला आधी अवघडल्यासारखं झालं. आईने सात वर्षं सांभाळलं म्हणून आपण नोकरी करू शकलो, हे अर्जावर लिहून सही करायची होती. ती मला म्हणाली, मावशी, मी आकडे करते आणि मला हे माहीत नव्हतं. सहा वर्षांचे अर्ज सप्टेंबरात गेले, सातवा या महिन्यात. खात्यात आता १९च्या जागी २५ दिसतात. नगावर शिवणाच्या वर्षांसाठी वेगळं पत्र टाकलंय. चाइल्ड बेनिफिट ताईच्याच नावाचा होता हे तिला पक्कं आठवतं, दर आठवड्याला पोस्टाच्या रांगेत उभी राहून आणायची आणि येताना भाचीला सफरचंद घ्यायची. उत्तर अजून आलेलं नाही.

सर्वेक्षणाचा दुसरा फोन ऑक्टोबरात आला. तेच प्रश्न, तीच उत्तरं. फक्त नोकरी करायला आवडेल का, याला ताई या वेळी हो म्हणाली. नातू शाळेत असतो त्या साडेनऊ ते अडीचमध्ये, सासूबाईंजवळ कुणी बसणारं मिळालं तर. याने ती श्रमशक्तीत जात नाही हे मला कळलंय. पण काम हवं असूनही बाहेर असलेल्यांचा तिथे वेगळा आकडा निघतो, त्यात ती एक वाढली.

अटेंडन्स अलाउन्सचा अर्ज फार मोठा निघाला. दिवसा कशाकशात मदत लागते, किती वेळा, रात्री किती वेळा, दर वेळी किती मिनिटं, असं सगळं विचारतात. भाऊजी म्हणाले, अंदाजे लिही. ताईने माझ्याकडून त्या कॅलेंडरच्या पानाचा फोटो मागवला आणि म्हणाली, एका दिवसाचं चालत नाही, आम्हाला कॉलेजात सात दिवसांचं घ्यायला लावायचे. तिने वही आणली, पट्टीने रकाने आखले. आठ दिवस उशाशी घड्याळ आणि पेन ठेवून झोपली. मंगळवारी रात्री २ वेळा, ३५ मिनिटं. बुधवारी ३ वेळा, ५० मिनिटं. गुरुवारी सासूबाईंना ताप होता, तिथे फक्त ‘जागी’ लिहिलंय. ती पानं अर्जाला जोडून परवा पाठवली.